दुसऱ्या क्लिकचा भार कुणावर?

माऊसला डबल क्लिक कळत नाही. बटण खाली गेले आणि बटण वर आले, बटणाबाबत एवढ्या दोनच बातम्या तो संगणकाला देतो. दोनदा दाबले की चार बातम्या जातात. त्यांचा अर्थ ‘याने डबल क्लिक केला’ असा लावायचा, की ‘याने एकदा दाबले आणि मग पुन्हा एकदा दाबले’ असा, हे संगणकातला प्रोग्राम ठरवतो. त्यासाठी तो दोन गोष्टी मोजतो : वेळ आणि अंतर. विंडोजमध्ये कुणी मुद्दाम काही बदलले नसेल, तर दोन क्लिकमधली सवलत ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे अर्ध्या सेकंदाची असते. आणि दुसरा क्लिक पहिल्याभोवतीच्या चार पिक्सेलांच्या चौकटीत पडावा लागतो. बोट जरा रेंगाळले किंवा पडद्यावरचा बाण केसभर सरकला, की डबल क्लिकचे दोन सुटे क्लिक होतात आणि पुढे भलतेच काहीतरी घडते.

हे मोजमाप बहुतेकांच्या गावीही नसते, आणि असायचे काही कारणही नाही. पण पुणे जिल्ह्यात भोरला, नसरापूरला किंवा वेल्ह्याला ज्या खुर्चीत बसून सातबारा काढला जातो, उत्पन्नाच्या दाखल्याचा, शिष्यवृत्तीचा, पीकविम्याचा अर्ज भरला जातो, त्या खुर्चीतल्या माणसाला हा अर्धा सेकंद रोज दिवसभर भेटतो. एक क्लिक कोणता आणि दोन कोणते, हे ओळखण्याचे काम प्रोग्राम लिहिणाऱ्याचे आहे. आपल्याकडे मात्र ते सर्रास बटण दाबणाऱ्याच्या गळ्यात मारले जाते. चूक झाली, की ‘तुम्ही दोनदा दाबले असेल’ हे उत्तर तयारच असते.

मुळात ही दोनदा दाबण्याची गरज निर्माण झाली ती बटणांच्या टंचाईतून. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमारास बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस घडवला, तो लाकडी ठोकळा होता आणि त्याला एकच बटण होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले, तोवर बटणे तीन झाली होती. झेरॉक्सच्या ‘ऑल्टो’ संगणकालाही तीन होती, १९८१ च्या ‘स्टार’ला दोन. जानेवारी १९८३ मध्ये ॲपलने ‘लिसा’ बाजारात आणला तेव्हा बटण पुन्हा एकावर आले. नवख्या माणसाने ‘कोणते दाबू?’ या विचारात अडकू नये, असा लॅरी टेस्लर यांच्यासारख्या तंत्रज्ञांचा आग्रह होता आणि तो रास्तच होता. फक्त बटणे कमी केल्याने कामे कमी झाली नाहीत. फाईल निवडायची तेही त्याच बटणाने आणि उघडायची तेही त्याच बटणाने. मग निवडायला एकदा दाबा आणि उघडायला पटकन दोनदा दाबा, अशी वाटणी झाली. दुसरे बटण वाचले खरे, पण त्याच्या जागी वेळेचे बंधन आले. मायक्रोसॉफ्टच्या माऊसला पहिल्यापासून दोन बटणे होती, तरी ही पद्धत तिथेही गेली आणि मग जगभर पसरली.

महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत ती पोहोचली एमएस-सीआयटीच्या वाटेने. पुण्याच्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने, म्हणजे एमकेसीएलने, २००१ साली हा अभ्यासक्रम सुरू केला. सरकारी भरतीच्या जाहिरातींत संगणकाचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले आणि बारावी झालेला मुलगा, अंगणवाडीत नोकरी शोधणारी सून, बढतीसाठी कागद लागणारा कारकून असे सगळे एकाच बाकावर येऊन बसले. त्या बाकावरचा अगदी सुरुवातीचा धडा म्हणजे डबल क्लिक. ‘माय कॉम्प्युटर’च्या चित्रावर दोनदा दाबा, पटकन दाबा, हात हलवू नका. शेवटची अट सांगायला सोपी. नांगर धरून किंवा भाताची रोपे उपटून घट्टे पडलेल्या हाताला चार पिक्सेल म्हणजे काय, हे मात्र शिकवणाऱ्यालाच पाहावे लागे.

तिथे रोज घडणारे दोन अपघात त्या काळच्या कुठल्याही शिक्षकाला आठवतील. पहिला : विद्यार्थी फाईलच्या नावावर सावकाश दोनदा दाबतो. फाईल उघडत नाही. तिचे नाव निळ्या पट्टीत जाते आणि कर्सर लुकलुकू लागतो. आधीच निवडलेल्या फाईलच्या नावावर पुन्हा एक सुटा क्लिक केला, तर विंडोज त्याचा अर्थ ‘नाव बदलायचे आहे’ असा लावते. बिचारा घाबरून कुठलीतरी कळ दाबतो, मग एंटर दाबतो, आणि अर्जाच्या फाईलचे नाव ‘क’ होऊन बसते. दुसरा अपघात याहून वाईट. पहिल्या क्लिकनंतर बटण नीट सुटत नाही, हात सरकतो, आणि फाईल शेजारच्या फोल्डरात जाऊन पडते. ‘सर, फाईल गायब झाली’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असे.

यावर उपाय संगणकातच होता. माऊसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी-जास्त करणारी पट्टी असते. तिथून ही सवलत ९०० मिलिसेकंदांपर्यंत नेता येते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. विंडोज ९५ मध्ये त्या पट्टीशेजारी एक चित्रातली पेटी असे. डबल क्लिक जमला की तिच्यातून विदूषक उसळी मारून बाहेर येई. एका क्लिकमध्ये फाईल उघडण्याचा पर्यायही विंडोज ९८ च्या काळापासून आहे. पण साठीच्या माणसासाठी ही पट्टी सरकवून ठेवलेले प्रशिक्षण केंद्र शोधूनही सापडणे कठीण. यंत्र माणसाला जुळवून घ्यायला तयार होते. माणसालाच यंत्राशी जुळवायचे, असा शिरस्ता आपण पाडला.

आता प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहू, कारण खरा पेच तिथे आहे. पहिला क्लिक झाला त्या क्षणी प्रोग्रामला हे कळणे शक्यच नसते, की मागून दुसरा येणार आहे की नाही. विंडोज त्याला आधी ‘बटण दाबले’, मग ‘बटण सुटले’ असे कळवते आणि दुसरा क्लिक वेळेत आला तरच ‘डबल क्लिक’ असा तिसरा निरोप देते. ब्राउजरमध्येही तोच क्रम : क्लिक, पुन्हा क्लिक आणि मग डबल क्लिक. जावा भाषेत क्लिकसोबत आकडा येतो, आधी एक, मग दोन. कुठेही पाहा, डबल क्लिकच्या आधी एकेरी क्लिक येऊन गेलेला असतो. एखाद्याने एकेरी क्लिकला ‘नोंद उघडा’ आणि डबलला ‘नोंद पुसा’ अशी कामे जोडली, तर पुसण्याआधी ती नोंद उघडणारच.

या पेचातून सुटायच्या वाटा दोनच आहेत. पहिली, थांबण्याची. पहिला क्लिक आला तरी काही करायचे नाही, अर्धा सेकंद वाट पाहायची आणि दुसरा आला नाही याची खात्री झाली की मग हलायचे. यात चूक होत नाही, पण प्रत्येक साधा क्लिक अर्धा सेकंद उशिरा लागू पडतो. सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत उत्तर आले तर माणसाला ते तत्काळ वाटते, हे संगणकशास्त्रात निदान १९६८ पासून मांडले गेले आहे. अर्धा सेकंद म्हणजे त्याच्या पाचपट. पडदा गप्प राहिला की माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. म्हणजे डबल क्लिक ओळखण्यासाठी थांबलेला प्रोग्राम स्वतःच नको असलेला डबल क्लिक ओढवून घेतो.

दुसरी वाट एसटीच्या कंडक्टरला कुणी न शिकवता ठाऊक आहे. भोर आगाराची गाडी स्वारगेटहून निघाली, की घंटीच्या दोरीवर तिचे सगळे व्यवहार चालतात : एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ड्रायव्हर पहिली घंटी ऐकून ‘दुसरी येतेय का’ म्हणून अर्धा सेकंद कान टवकारून बसत नाही. गाडी उभी असेल, तर एका घंटीने बिघडण्यासारखे काही नसते, ती उभीच आहे. दुसरी पडली की गिअर. गाडी चालू असेल, तर पहिल्या घंटीला तो पाय सैल करतो, आणि लगेच दुसरी पडली तर पुन्हा वेग घेतो. पहिल्या खुणेने केलेले काम दुसऱ्या खुणेच्या आड येत नाही. चांगल्या प्रोग्रामचे मर्म इतकेच आहे. एकेरी क्लिकने फाईल निवडा, डबलने तीच निवडलेली फाईल उघडा. मजकुरात एका क्लिकने कर्सर ठेवा, दोनने शब्द धरा, तीनने परिच्छेद धरा. प्रत्येक पुढचा क्लिक मागच्याच दिशेने जातो, त्यामुळे कुणाला थांबावे लागत नाही आणि मागचे काही उलटवावेही लागत नाही.

नकाशासारख्या काही ठिकाणी थांबण्याला पर्याय नसतो, हे मान्य. तिथे एका क्लिकने खूण करायची असते आणि दोनने नकाशा जवळ आणायचा असतो. पण असे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी बहुतेक ठिकाणी एकाच बटणाला दोन वेगळी कामे जोडणे हा आळस असतो, दुसरे काही नाही.

वेबसाईट लिहिणाऱ्यांत एक युक्ती फार चालते. पहिला क्लिक आला की अडीचशे मिलिसेकंदांचा टायमर लावायचा. तेवढ्यात दुसरा आला तर टायमर रद्द करून डबल क्लिकचे काम करायचे, नाहीतर एकेरीचे. शिकवणीच्या व्हिडिओत ही युक्ती छान चालते, कारण ती दाखवणाऱ्याचे बोट चपळ असते. पण अडीचशे हा आकडा आला कुठून? वापरणाऱ्याच्या संगणकावर सवलत किती आहे, हे वेबपानाला विचारताच येत नाही. विंडोजवर ती ५०० असते, लिनक्सवर प्रोग्राम लिहिण्याच्या क्यूटी आणि जीटीके या संचांत ४००. थरथरत्या हाताच्या माणसाने पट्टी सरकवून ती ९०० केली असेल, आणि त्याचे दोन क्लिक सहाशे मिलिसेकंदांच्या अंतराने पडले असतील, तर अडीचशेचा टायमर केव्हाच संपलेला असतो आणि एकेरीचे काम होऊन गेलेले असते. वर ब्राउजर संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ‘हा डबल क्लिक’ असेही कळवतो, म्हणजे दुहेरीचे कामही होते. ज्या माणसाने आपल्यासाठी मुद्दाम सोय करून घेतली, नेमका त्याच्याच हातून घोळ होतो. असली युक्ती वापरून झालेले काम ‘आमच्याकडे चालतंय’ म्हणून पुढे सरकवले जाते, ही यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट.

याहून मोठे नुकसान होते ते सबमिटच्या बटणावर. डेस्कटॉपवर दोनदा दाबायला शिकवलेली पिढी वेबवर आली. वेबवर एक क्लिक पुरतो, हे तिला कुणी वेगळे शिकवले नाही. ती लिंकवर डबल क्लिक करते, ‘पुढे जा’वर करते आणि ‘अर्ज सादर करा’वरही करते. यात त्या माणसांचे काही चुकत नाही. दार दोनदा वाजवा असे आपणच सांगितले होते. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांसाठी जी सामायिक आखणी केली आहे, तिच्यात या सवयीची उघड नोंद आहे. लोक बटण दोनदा का दाबतात याची तिथे दिलेली कारणे तीन : आधीच्या संगणकांवर दोनदा दाबायची सवय, संथ नेटमुळे लगेच उत्तर न दिसणे, आणि हाताला कंप असणे. त्यांनी बटणातच सोय ठेवली, की ती चालू केली तर एका सेकंदाच्या आतला दुसरा क्लिक मोजलाच जाणार नाही.

या तिन्ही कारणांतले मधले कारण वेल्ह्याच्या पाचवीला पुजलेले आहे. वेल्हे तालुका आता सरकारदरबारी राजगड तालुका झाला, लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे. तोरणा आणि राजगड यांच्या सोंडांमधल्या खोऱ्यांत मोबाईलची रेंज डोंगराच्या मर्जीने चालते. भोरकडून वरंधा घाटाच्या दिशेने जावे तसे तेच. पावसाळ्यात भाताच्या लावणीचा आणि सरकारी अर्जांचा हंगाम नेमका एकाच वेळी येतो. २०२४ च्या जुलैत ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले तेव्हा राज्यभरच्या सेवा केंद्रांवर रांगा लागल्या होत्या. रांगेत मागे तीसजण उभे आहेत, पडद्यावर चक्र फिरते आहे, ते संपत नाही, ओटीपीची मुदत सरत चालली आहे. अशा वेळी केंद्रचालकाने बटण पुन्हा दाबले नाही तर नवल. त्याला बेशिस्त म्हणणाऱ्याने एकदा त्या खुर्चीत बसून पाहावे.

आणि दुसऱ्या क्लिकला पैसे लागतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला, एका उताऱ्याला १५ रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण प्रश्न किरकोळ नाही : तेच बटण सेकंदाच्या अंतराने दोनदा दाबले गेले, तर शेतकऱ्याच्या खात्यातून पंधरा जावेत की तीस? कॉलेजच्या प्रवेशशुल्काच्या पानावर हाच प्रश्न पंधरा हजार की तीस हजार असा होतो. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने फसलेल्या व्यवहारांना मुदत घालून दिली. यूपीआयने एका खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्यात जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. मात्र हे संरक्षण फसलेल्या व्यवहाराला आहे. दोनदा दाबल्याने दोन्ही व्यवहार यशस्वी झाले, तर बँकेच्या लेखी काहीच बिघडलेले नसते. मग कॉलेजच्या लेखाविभागात अर्ज, पासबुकाची प्रत, ‘साहेब आज आले नाहीत’ आणि भोर ते पुणे असे दोन-तीन हेलपाटे.

पैसे भरण्याच्या पानावर हमखास एक ओळ असते : ‘कृपया रिफ्रेश किंवा बॅकचे बटण दाबू नका.’ ही ओळ वाचून कुणालाच वावगे वाटत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. खरे तर तो लिहिणाऱ्याचा कबुलीजबाब आहे. तुमचा हात हलला तर आमचा हिशेब चुकेल, असे ते पान सांगत असते.

हिशेब न चुकवण्याची रीत जुनी आहे आणि अवघडही नाही. अर्जाचे पान उघडतानाच सर्व्हरने त्याला एक गुप्त क्रमांक द्यायचा. सबमिट झाले की तो क्रमांक आधी आला आहे का, हे पाहायचे. आला नसेल तर अर्ज नोंदवायचा. आला असेल तर नवा अर्ज तयार न करता पहिल्याचीच पोचपावती पुन्हा पाठवायची. माणसाने बटण एकदा दाबो की दहादा, मागे गेलेला असो की नेट तुटून परत आलेला असो, अर्ज एकच राहतो. पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षे हेच करत आल्या आहेत. नुसते पडद्यावरचे बटण राखाडी करून टाकणे हा अर्धा उपाय. नेट मध्येच गेले तर राखाडी बटण तसेच मरून पडते, माणूस पान पुन्हा उघडतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो.

हे आपल्याला जमत नाही, असेही नाही. भोर विधानसभा मतदारसंघात भोर, वेल्हे आणि मुळशी हे तालुके येतात. ७ मे २०२४ ला बारामती लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी इथल्या मतदारांनी ईव्हीएमचे बटण दाबले. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात माऊस धरलेला नसेल. बटण दाबले की उमेदवारासमोरचा दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, लांब शिट्टी वाजते. त्यानंतर मतदाराने तेच बटण, किंवा शेजारचे, कितीही वेळा दाबले तरी मत एकच. पुढचे मत नोंदवायला यंत्र तयार होते ते मतदान कर्मचाऱ्याने आपल्यासमोरच्या कंट्रोल युनिटवरचे ‘बॅलट’चे बटण दाबल्यावरच. ईव्हीएमविषयीचे राजकीय वाद बाजूला ठेवून हा एवढा भाग पाहावा. मतदाराला ‘एकदाच दाबा’ असे पढवण्यावर विसंबून हे यंत्र केलेले नाही. माणूस गोंधळेल, घाबरेल, दोनदा दाबेल हे गृहीत धरून ते केले आहे. आणि दिवा, चिठ्ठी, शिट्टी अशी तीन उत्तरे ते लगेच देते, म्हणून पुन्हा दाबावेसे वाटण्याचे कारणही उरत नाही. मताच्या बाबतीत जी काळजी घेतली, ती उत्पन्नाच्या दाखल्याच्या बाबतीत का घेऊ नये?

मोबाईल आल्यावर हा प्रश्न मिटेल असे वाटले होते. झाले उलटेच. २००७ च्या आयफोनवर वेबपान मोठे करून पाहायला दोनदा टॅप करायची सोय दिली आणि त्यापायी ब्राउजर प्रत्येक साध्या टॅपनंतर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबू लागला. न जाणो, दुसरा आला तर. जगभरच्या मोबाईल वेबसाईट त्या तीनशे मिलिसेकंदांमुळे सुस्त वाटत राहिल्या. पान मोबाईलच्या रुंदीला बेतलेले असेल तर ही वाट पाहणे २०१४ मध्ये अँड्रॉइडवरच्या क्रोमने सोडले, आयफोनने २०१६ मध्ये. आता गावातली पोरे आधी मोबाईल शिकतात आणि मग कधीतरी संगणकासमोर बसतात. ती फोल्डरवर एकदाच दाबतात आणि वाट बघत राहतात. त्यांच्या वडिलांची अडचण याच्या बरोबर उलट होती. लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपमध्ये कित्येक वर्षे एका क्लिकने फाईल उघडत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीने तिथेही मूळ पर्याय डबल क्लिकचा केला, कारण बाहेरून येणाऱ्यांना तीच सवय. चाळीस वर्षांपूर्वीची बटणांची टंचाई अशी नव्या घरांतही राहायला येते.

लोकांना प्रशिक्षण द्या, हा यावरचा नेहमीचा सरकारी तोडगा. प्रशिक्षण द्यावेच. पण ज्याच्या बोटांना संधिवात आहे किंवा हात कापतो, त्याला कितीही शिकवले तरी दोन क्लिक अर्ध्या सेकंदात बसणार नाहीत. डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात म्हटले. ते प्रकरण केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावू न शकणाऱ्यांचे होते. डोळ्यांबाबत जे खरे, ते बोटांबाबतही खरे मानायला हरकत नसावी.

राज्य सरकारचे कुठलेही पोर्टल निविदेशिवाय होत नाही. त्या निविदेत एक चाचणी लेखी घालता येईल. सबमिट सेकंदाच्या आत दोनदा दाबायचे. मग पाच सेकंदांच्या अंतराने दाबायचे. मग नेट तोडून, पान मागे नेऊन पुन्हा दाबायचे. प्रत्येक वेळी अर्ज क्रमांक एकच निघाला पाहिजे आणि पैसे एकदाच कापले गेले पाहिजेत. ही चाचणी पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत नव्या लॅपटॉपवर उरकू नये. केंद्रांवरचे माऊस वर्षानुवर्षे वापरलेले असतात. त्यांच्या बटणाखालची पत्ती झिजली की एकदा दाबूनही दोन क्लिक जातात, आणि दुसरा क्लिक माणसाचा होता की झिजलेल्या पत्तीचा, हे कुठल्याच सर्व्हरला सांगता येत नाही. तेव्हा चाचणी वेल्ह्याच्या एखाद्या केंद्रावर, भर जुलैत, तिथल्याच माऊसवर आणि तिथल्याच केंद्रचालकाच्या हातून घ्यावी. एका अर्जाचे दोन क्रमांक निघाले, तर ते दुरुस्त होईपर्यंत ठेकेदाराचे बिल रोखून धरावे.